ब्रॉडवेची रात्र : इंजिनाविना उतरलेली माणसं

5 मार्च 1944ची संध्याकाळ. आसामात सिलचरजवळचं लालाघाट. एकेका डकोटा विमानामागे नायलॉनच्या दोरांनी दोन-दोन ग्लायडरं, म्हणजे इंजिन नसलेली विमानं, जोडली आहेत. जायचंय ब्रह्मदेशात, जपानी सैन्याच्या पिछाडीला, ‘ब्रॉडवे’ असं सांकेतिक नाव दिलेल्या जंगलातल्या माळावर.

पडद्यावर दिसतंय ते यातलंच ग्लायडर, वाको सीजी-4ए. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड, प्लायवूडचा तळ. पंखांचा पसारा साडेपंचवीस मीटर. रिकामं वजन सुमारे 1,700 किलो, आणि जवळपास तेवढाच भार ते नेतं: वैमानिकांसह पंधरा माणसं, नाहीतर एक जीप.

त्या रात्री भार याहून जास्त होता. चिंडिट, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला लढणाऱ्या ब्रिटिश सैन्याच्या खास तुकड्या; त्यांच्या सैनिकांनी जादा दारूगोळा आणि रसद भरून घेतली होती. हे ओझं ओढत डकोटांना चिन टेकड्या ओलांडायच्या होत्या. हवेच्या धक्क्याने ग्लायडर पुढे सरकलं की दोर सैल पडतो, मग एकदम ताणला जातो. त्या हिसक्याने तो तुटतो. धूसर हवेत पुढचं विमान नीट दिसत नव्हतं, त्यामुळे दोर सारखा ताणलेला ठेवणं फारच अवघड. एका विमानामागे एकच ग्लायडर लावलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं. साठाहून अधिक निघाली, त्यांतली जेमतेम निम्मी ब्रॉडवेला पोचली.

माळावर सागाचे ओंडके ओढून खोल चर पडले होते. वर गवत माजलेलं, त्यामुळे हवाई छायाचित्रांत ते दिसलेच नव्हते. चाकं चरात अडकून निखळली. मोडलेलं ग्लायडर बाजूला ओढेपर्यंत पुढची जोडी डोक्यावर यायची, आणि एकदा दोर सोडला की परत वर जाता येत नाही. मागचं पुढच्यावर आदळत राहिलं. खालच्या लोकांनी उतरण्याच्या दिव्यांची जागा बदलून पाहिली. तरी वीसहून अधिक माणसं दगावली.

एका ग्लायडरमध्ये छोटा बुलडोझर होता. ते झाडांत घुसलं, पंख तुटले आणि बुलडोझर सुटून पुढे धावला. वाकोचं नाक बिजागरीवर वर उघडतं. पुढे सरकणाऱ्या ओझ्याने ते आपोआप उचललं जावं, अशी जोडणी केलेली होती. नाक वैमानिकांसकट वर गेलं, बुलडोझर त्यांच्या खालून निघून गेला आणि दोघेही वाचले.

दुसऱ्या दिवशी वाचलेल्या यंत्रांनी चर बुजवले. अंधार पडेपर्यंत धावपट्टी तयार झाली. त्या रात्री साठाच्या आसपास डकोटा ब्रॉडवेवर उतरली, माणसं आणि खेचरं घेऊन.