उताराचं मैदान

(कोल्हापुरात फुटबॉलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मी मंगळवार पेठेतला. त्यामुळं फुटबॉल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायचं धाडस मी करणार नाही. पाटाकडील आणि खंडोबा या तालीम संघांचा सामना असला की घरात जेवणाची वेळ बदलायची. आबा, म्हणजे माझे वडील, मला शाहू स्टेडियमवर घेऊन जायचे आणि तापलेल्या पायरीवर रुमाल टाकून बसवायचे. आज बोलायचं आहे ते इंग्लंडमधल्या छोट्या मैदानांबद्दल. टीव्हीवर दिसतात ती नव्हे, त्यांच्या खूप खालची.

2014 साली नोकरीसाठी मी शेफील्डला गेलो. पोलादाचं शहर आहे ते, आणि सात टेकड्यांवर वसलंय असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. पहिल्या महिन्यातच कामावरच्या एका वयस्कर सहकाऱ्यानं विचारलं, शनिवारी काय करतोस? म्हटलं, मॅच बघायची आहे, पण मोठ्या क्लबांची तिकिटं परवडत नाहीत. तो म्हणाला, मग माझ्याबरोबर सँडीगेटला चल.

सँडीगेट रोड हे हॅलम या क्लबचं मैदान. क्रॉसपूल नावाच्या वस्तीत आहे, बसनं वर वर चढत जायचं. फाटकाशी एक आजोबा टेबल टाकून बसले होते. पैसे घेतले, प्रोग्राम, म्हणजे सामन्याची छापील पुस्तिका, हातात दिला, म्हणाले, "चहा डावीकडं." आत गेलो आणि थबकलोच. मैदान सपाट नव्हतं! आपल्याकडं शेताला असतो तसा सरळ सरळ उतार. वरच्या बाजूला उभं राहिलं की खालच्या कोपऱ्यातला खेळाडू चक्क बुटका दिसतो. मला वाटलं, बिचाऱ्यांना धड मैदानही मिळालं नाही.

मग सहकाऱ्यानं सांगितलं, की बाबा रे, तू जगातल्या सगळ्यात जुन्या फुटबॉल मैदानावर उभा आहेस.

हे गिनीज बुकात नोंदलेलं आहे. 1804 पासून तिथं क्रिकेट खेळलं जायचं. हॅलमचा फुटबॉल क्लब 1860 साली निघाला आणि त्याच वर्षी 26 डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, याच उतारावर हॅलम आणि शेफील्ड या दोन क्लबांचा सामना झाला. दोन वेगवेगळ्या क्लबांमधला तो जगातला पहिला फुटबॉल सामना. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा जन्मसुद्धा त्यानंतरचा, 1863 चा. आणि ते दोन्ही क्लब आजही आहेत. दोन्ही छोट्याच लीगमध्ये खेळतात. एकमेकांशी भिडले की अख्खं गाव जुनी भांडणं उकरून काढतं. हे ऐकलं आणि मला आपल्या पेठा आठवल्या.

आता हे "नॉन-लीग" म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे 20 क्लब, आणि त्याखालच्या तीन विभागांचे प्रत्येकी 24. एकूण 92. त्यांच्या खाली जे काही आहे ते सगळं नॉन-लीग. नॅशनल लीगपासून सुरू होतं आणि पायरी-पायरीनं उतरत जिल्ह्याच्या, गावच्या लीगपर्यंत जातं. पूर्वी वरच्या 92 मध्ये शिरायचं तर तिथल्याच क्लबांची मतं लागायची, आणि आतले लोक सहसा आतल्यांनाच मत द्यायचे. 1987 साली हे बदललं. त्या वर्षी स्कारबरो नावाचा समुद्रकाठचा क्लब निव्वळ खेळाच्या जोरावर वर गेला आणि लिंकन सिटी खाली आला. तेव्हापासून तळापासून शिखरापर्यंत वाट उघडी आहे. गावच्या मैदानावर खेळणाऱ्या पोराला वरची वाट बंद नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण मला त्या वाटेपेक्षा मैदानांचंच वेड लागलं. तिकडं अशा वेडाला "ग्राउंडहॉपिंग" म्हणतात. दर शनिवारी नवं मैदान, वहीत नोंद. काहीजण 92 मैदानं पुरी करतात आणि मग खाली उतरतात. मी खालूनच सुरुवात केली.

तिथं काय बघायला मिळतं? मैदानाभोवती कंबरेएवढा कठडा. त्याच्यावर कोपर टेकून उभं राहायचं. लाइन्समन तुमच्या हातभर अंतरावरून धावतो, त्याचा श्वास ऐकू येतो. बचावपटू एकमेकांना काय ओरडतात, गोलकीपर कुणाला शिव्या घालतो, सगळं कानावर पडतं. दोन नडग्या आपटल्या तर त्याचा आवाज येतो. टीव्हीवर तो मला कधीच ऐकू आला नव्हता. खेळणारी मुलं दिवसा नोकरी करतात. कुणी प्लंबर, कुणी शाळेत शिक्षक, कुणी गोदामात. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. सामना संपला की तीच मुलं ओले केस घेऊन क्लबहाउसमध्ये तुमच्या शेजारी उभी असतात.

आणि हाफ-टाइमची एक गोष्ट आहे, तिच्यावर माझा भारी जीव आहे. मोठ्या स्टेडियमवर दोन संघांचे लोक वेगवेगळ्या पिंजऱ्यात असतात. इथं तसं काही नाही. पहिल्या हाफमध्ये आपला संघ ज्या गोलावर चढाई करतो, त्या गोलामागं आपण उभे राहतो. हाफ-टाइम झाला की बाजू बदलतात, म्हणून लोकही उठून दुसऱ्या टोकाला चालू लागतात. समोरून त्यांची माणसं येत असतात. वाटेत चहाच्या खिडकीपाशी दोन्ही गर्दी एकमेकांत मिसळतात. नुकतेच एकमेकांच्या नावानं खडे फोडणारे लोक तिथं रांगेत हवापाण्याच्या गप्पा मारतात. खिडकीतल्या बाई सगळ्यांना "लव्ह" म्हणतात, हा यॉर्कशायरचा रिवाज. कागदी पेल्यात चहा, नाहीतर बोव्हरिल. ते गोमांसाच्या अर्काचं गरम पेय आहे. मी चहावरच राहिलो. सँडीगेटला तर ही मंडळी उतार चढून किंवा उतरून जातात, त्यामुळं म्हाताऱ्यांसाठी ती छोटी वारीच असते.

सँडीगेटचा प्रतिस्पर्धी शेफील्ड एफसी. स्थापना 1857, जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब. 2004 साली फिफानं आपल्या शताब्दीनिमित्त दोनच क्लबांचा विशेष सन्मान केला: एक रेआल माद्रिद आणि दुसरा हा. रेआल माद्रिदचं स्टेडियम तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. शेफील्ड एफसीचं मैदान बघायचं तर शहर ओलांडून शेजारच्या डर्बीशायरमधल्या ड्रॉनफील्डला जावं लागतं. 'कोच अँड हॉर्सेस' नावाचा पब आहे, त्याच्या शेजारी. दीडशे वर्षांत या क्लबला शहरात हक्काची जागा मिळाली नाही, 2001 पासून ते इथं आहेत. 2011 साली त्यांनी आपली सुरुवातीची हस्तलिखितं आणि 1859 ची नियमांची छापील पुस्तिका लिलावात विकली. 8 लाख 81 हजार पौंड आले. ज्या कागदांवर या खेळाचे सुरुवातीचे नियम उतरले ते कागद विकायची वेळ यावी, याचं मला आजही वाईट वाटतं. पण घरातलं सोनं मोडून छप्पर घालणाऱ्याला नावं ठेवायची नसतात.

तिथंच शेफील्डच्या वायव्येला दरीत स्टॉक्सब्रिज आहे. पोलाद कारखान्याचं गाव, आणि क्लबचं नावही स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स. मैदान टेकडीवर, ब्रॅकन मूर. 16 व्या वर्षी मोठ्या क्लबनं नको म्हटलेला एक किडकिडीत पोरगा तिथं आठवड्याला 30 पौंडांवर खेळत होता. दिवसा कारखान्यात मोडलेल्या हाडांसाठी लागणाऱ्या पट्ट्या बनवायचा. तो जेमी वार्डी. स्टॉक्सब्रिजवरून हॅलिफॅक्स, तिथून फ्लीटवुड, आणि 2012 साली 10 लाख पौंडांना लेस्टर सिटी. पुढचं तुम्हाला माहीत आहे: 2015 मध्ये सलग 11 सामन्यांत गोल, आणि 2016 मध्ये लेस्टर इंग्लंडचा विजेता. त्या हिवाळ्यात मी ब्रॅकन मूरला गेलो होतो. तिथल्या एका स्टँडला वार्डीचं नाव दिलंय. छोटासाच पत्र्याचा आडोसा. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस बोट करून म्हणाला, तो त्या कोपऱ्यातून पळायचा. 'वार्डी' असं नाव त्यानं घेतलंच नाही, नुसतं 'तो'. गल्लीतल्या पोराबद्दल बोलावं तसं.

उत्तरेला डरॅममध्ये टो लॉ म्हणून गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 फुटांवर. तिथला वारा असा, की गोलकीपरनं मारलेली किक अर्ध्यातून परत येते की काय असं वाटतं. सॉसेजच्या कारखान्यात काम करणारा ख्रिस वॉडल तिथूनच 1980 साली न्यूकासलला गेला, 1000 पौंडांना, आणि पुढं इंग्लंडकडून वर्ल्ड कपची सेमीफायनल खेळला. आपल्या लोकांची मैदानंही आहेत. बर्मिंगहॅमजवळ विलेनहॉलला स्पोर्टिंग खालसा हा पंजाबी मंडळींनी 1991 साली काढलेला क्लब आहे. मैदान त्यांच्या स्वतःच्या मालकीचं. परक्या देशात जमिनीच्या एका तुकड्यावर आपल्या क्लबची पाटी लावणं ही साधी गोष्ट नाही.

आता एक गंमतीची गोष्ट, तिचा संबंध थेट तुमच्याशी आहे. हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेआठला तुम्ही इथं टीव्हीवर प्रीमियर लीगचा जो सामना थेट बघता, तो इंग्लंडमध्ये टीव्हीवर दिसत नाही. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात तिथं फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करत नाहीत. कारण काय? लोक घरी टीव्हीसमोर बसले तर छोट्या क्लबांच्या फाटकावर कोण येणार? दोनशे माणसांतली पन्नास कमी झाली तर त्या क्लबचं महिन्याचं वीजबिल निघत नाही. कोल्हापुरात दिसणारा सामना शेफील्डमध्ये झाकून ठेवतात, तो टेबल टाकून बसलेल्या त्या आजोबांसाठी.

कोविडच्या काळात फाटकंच बंद झाली. तेव्हाची एक आठवण. जानेवारी 2021, एफए कप या छोट्या-मोठ्या क्लबांच्या एकत्र स्पर्धेची तिसरी फेरी. लिव्हरपूलजवळच्या मरीन या आठव्या पातळीवरच्या क्लबसमोर प्रीमियर लीगमधला टॉटनहॅम आला. त्या स्पर्धेच्या इतिहासात दोन संघांमध्ये एवढं अंतर कधी नव्हतं. प्रेक्षकांना बंदी. मरीनचं मैदान घरांच्या परसदारांना लागून आहे, लोकांनी आपापल्या कुंपणावरून सामना पाहिला. आणि क्लबनं 10 पौंडांची मानलेली तिकिटं विकायला काढली, ज्यावर आत जाता येणार नव्हतं. 30 हजारांहून जास्त खपली. मैदानाची क्षमता साडेतीन हजारांचीही नाही. बरीचशी तिकिटं टॉटनहॅमच्याच लोकांनी घेतली. मरीन पाच गोलनं हरला. मी एक तिकीट घेतलं होतं, ते अजून माझ्या कपाटावर चिकटवलेलं आहे.

ही मैदानं कोण सांभाळतं, ते मी एकदा जवळून बघितलं. फेब्रुवारीतला शनिवार, रात्रभर पाऊस. दोन बस बदलून एका गावी पोचलो तर फाटकावर कागद: मैदानात पाणी, सामना रद्द. परत जायची बस दीड तासानं. आत डोकावलो. तीन माणसं हातात चार दातांचे बागकामाचे काटे घेऊन गवतात टोचत होती. काटा रोवायचा, मागं रेलायचा, पाणी भोकातून खाली जाऊ द्यायचं, एक पाऊल सरकायचं. पुन्हा तेच. मी म्हटलं, सामना तर रद्द झाला ना? एकजण म्हणाला, "मंगळवारी आहे की." त्यानं मला एक काटा दिला. दीड तास मी तेच केलं. गोलसमोरच्या चिखलात पाय रुतत होते आणि तळव्यांना फोड आले. मंगळवारी रात्री मी मुद्दाम गेलो. फ्लडलाइटखाली त्याच गोलसमोर चेंडू नीट घरंगळताना पाहिला आणि मला जे वाटलं, ते मला कुठल्याही मोठ्या स्टेडियमवर वाटलेलं नाही.

2018 च्या उन्हाळ्यात आबा आले. तेव्हा 71 वर्षांचे. लंडन दाखवलं, राणीचा वाडा दाखवला, ते मान हलवत राहिले. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला आणि मी त्यांना सँडीगेटला नेलं. कठड्याला कोपर टेकून उभे राहिले. पाच मिनिटं गप्प. मग हॅलमचा डावीकडचा बॅक चेंडू घेऊन वळेना, तेव्हा आबा मंगळवार पेठेच्या आवाजात ओरडले, "आरं, मागं बघ की लेका!" शेजारच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे, मी तेच तीस वर्षं सांगतोय.

हाफ-टाइमला सगळे उठून चालायला लागले. आबांचे गुडघे दुखत होते, म्हटलं, बसा इथंच. म्हणाले, "सगळी निघाल्यात न्हवं?" आणि निघाले, त्या म्हाताऱ्याचा दंड धरून, उतारावरून, हळूहळू. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. दोघं दुसरा हाफ गोलामागं एकत्र उभे राहिले.

आबा सप्टेंबरात परत आले. त्यानंतरच्या शनिवारी मी एकटाच गेलो. फाटकावरच्या आजोबांनी माझ्या मागं पाहिलं आणि विचारलं, वडील कुठं आहेत? म्हटलं, घरी गेले, भारतात. त्यांनी गठ्ठ्यातून दोन प्रोग्राम काढले, दुसरा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा त्यांना पोस्टानं पाठव. त्यांचा लेफ्ट बॅक आज खेळतोय."