तिकिटाची मागची बाजू

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईच्या लोकल स्थानकांवरची रंगीत दिव्यांची वजनयंत्रे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. नाणे टाकले की छोटे तिकीट बाहेर पडे; एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्याचे किंवा स्वभावाचे एखादे वाक्य. स्थूल स्त्रीच्या बाबतीत आपण आजही तेच करतो. आकडा पाहून स्वभाव सांगून मोकळे होतो: आळशी, खादाड, मनाने कच्ची.

2019 ते 2021 या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 24 टक्के स्त्रियांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, 25 किंवा त्याहून अधिक, म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त आढळला. चारांतली जवळजवळ एक स्त्री आळशी, असे म्हणण्यापेक्षा बाळंतपण, पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार, अपुरी झोप आणि नैराश्यावरची काही औषधे यांकडे पाहणे अधिक शहाणपणाचे. शिवाय नैराश्यामुळे वजन वाढते आणि वाढलेल्या वजनामुळे नैराश्य, असा हा दोन्हीकडून आवळणारा फास आहे.

त्यात कडक उपासमारीची भर पडली की काय होते, हे मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगात दिसले. सहा महिने निम्म्याच्या आसपास आहारावर राहिलेले हे तरुण चिडचिडे आणि उदास झाले, आणि त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय उरेना. ते स्थूल नव्हते, म्हणून तुलना तंतोतंत नाही; पण केवळ काकडी आणि सूप यांवर दहा दिवस काढलेली गृहिणी मुलांवर खेकसते, तेव्हा दोष तिच्या मनोबलाचा नसून भुकेचा असतो, एवढे त्यावरून नक्की कळते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण थट्टेची खरी, पण तिच्यात शरीरशास्त्र आहे.

कल्याणहून पहाटेची लोकल पकडणारी स्त्री घरातल्या सगळ्यांचे डबे भरते आणि स्वतः चहा-बिस्किटावर निघते. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव होतो, आणि रात्री अन्न टाकवत नाही म्हणून पातेल्यातला उरलासुरला भातही तिच्याच पोटात जातो. तिच्या हाती ब्रोकोलीचा तक्ता देऊन काय साधणार? सकाळी भाकरी आणि उसळ, पाच वाजता पर्समधले मूठभर भाजलेले चणे, आणि उरलेल्या भाताची जबाबदारी घरातल्या सर्वांची, हा उपचार तिला झेपण्याजोगा आहे. उद्दिष्टही माफक असावे. 80 किलो वजनाच्या स्त्रीचे 4 ते 8 किलो कमी झाले, तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब यांत सुधारणा दिसू शकते. त्यासाठी लग्नातल्या फोटोतली कंबर परत मिळवावी लागत नाही.

मात्र लपूनछपून, थोड्या वेळात, हात थांबवता न येता पुष्कळ खाणे आणि मागाहून स्वतःची घृणा वाटणे हे वारंवार घडत असेल, तर तो बिंज इटिंग डिसऑर्डर असू शकतो. अशा वेळी केवळ आहारतक्ता पुरत नाही, मानसोपचाराची जोड हवी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

इतर भगिनींनी आठवडाभर एका वहीत काय खाल्ले, किती वाजता आणि त्या वेळी मनात काय होते, एवढे टिपून ती वही आहारतज्ज्ञांना दाखवावी. वजनाचा रकाना शेवटी ठेवावा. झोप किती लागली आणि स्टेशनचा पूल चढताना दम किती लागला, हे रकाने आधी भरावेत.