स्वतंत्र वादन

श्रोतेहो, नमस्कार.

तबलजी गायकाच्या डाव्या-उजव्या हाताला बसून ठेका धरतो, तेव्हा आपण त्याला साथ म्हणतो. आणि तोच तबलजी लेहरा, म्हणजे तालाएवढी फिरती सुरावट, लावून पेशकार मांडतो, कायदे-रेले अशा तबल्याच्या रचना उलगडत तासभर वाजवतो, तेव्हा आपण त्याला 'स्वतंत्र वादन' म्हणतो. 'एकल' हाही शब्द आहे आणि तो चुकीचा नाही, परंतु मैफलीत बसणाऱ्यांच्या तोंडी रुळला तो 'स्वतंत्र' हाच. या शब्दाची निवड मला फार नेमकी वाटते. स्वतंत्र तबलावादनातही तबलजी एकटा नसतोच. शेजारी सारंगी किंवा पेटी असते आणि ती एकच ओळ न थकता फिरवत असते. उस्ताद झाकीर हुसेन यांच्या वादनात तो लेहरा कित्येकदा उस्ताद सुलतान खाँ यांच्यासारख्या थोर सारंगियाने धरलेला असे. एरवी ज्याने रंग भरायचा तो सारंगिया तेव्हा तालाचे आवर्तन सांभाळतो, आणि एरवी ज्याने आवर्तन सांभाळायचे तो तबलजी बोलू लागतो. माणसे तेवढीच असतात, मात्र शेवटचा शब्द कोणाचा, हे बदललेले असते.

आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो वरवर पाहता फार दूरचा आहे. पाश्चात्त्य संगीतातील नावाजलेले बँड आणि त्या बँडमधील कलावंतांनी स्वतःच्या नावावर काढलेल्या तबकड्या, यांपैकी मला नेहमी दुसऱ्या अधिक जवळच्या वाटत आल्या आहेत. माझ्या ओळखीतील बहुतेक रसिकांना ही आवड विपरीत वाटते. बँड म्हणजे मूळ वृक्ष आणि स्वतंत्र तबकड्या म्हणजे त्याच्या इकडेतिकडे गेलेल्या फांद्या, असे ते मानतात. माझे मत तसे नाही, आणि ते का नाही, हे इंदूरच्या माणसाला सांगणे मला सोपे जाईल असे वाटते.

आपल्या इंदुरात 'बँड' हा शब्द प्रथम कानावर पडतो तो वरातीत आणि त्यानंतर अनंत चतुर्दशीच्या रात्री, जेव्हा गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. मी शाळेत असताना एका वर्षी वडिलांबरोबर रात्रभर झांक्या पाहत जागले होते. पहाटे राजवाड्याजवळ सारे पांगले, बँडमधील मुले गणवेशाची बटणे सोडून चहा पिऊ लागली, आणि त्यांच्यातला एक वयस्क क्लॅरनेटवाला पायरीवर बसून हलकेच वाजवू लागला. गाणे तेच होते, जे तो रात्रभर कॉर्नेट आणि ढोल यांच्या गदारोळात सर्वांबरोबर वाजवत आला होता. पण आता तो अंतऱ्याच्या शेवटी, कोमल निषादावर थांबत होता. रात्री तिथे थांबायला जागाच नव्हती, कारण मिरवणूक पुढे सरकत होती आणि पुढची ओळ सगळ्यांनी एकदम उचलायची होती. वडील म्हणाले, ''ऐक, आता तो स्वतःचं वाजवतोय.'' त्या माणसाचे नाव आम्ही विचारले नाही, याची हळहळ मला आजही वाटते. बँडमध्ये असताना त्या क्लॅरनेटवाल्याच्या कलेचा केवढा भाग न वाजताच राहत असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात शिरला आणि पुढे मी जे जे संगीत ऐकले त्याच्यामागे तो उभा राहिला.

या प्रश्नाचे सर्वांत विस्तृत उत्तर मला जॉर्ज हॅरिसन यांच्याकडे मिळाले. हॅरिसन ज्यात गिटार वाजवत, त्या इंग्लंडच्या बीटल्स या बँडमध्ये गीते रचण्याचे मुख्य काम जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांचे होते. दोघेही असामान्य होते आणि दोघांकडेही रचनांचा तुटवडा नव्हता, म्हणून तिसऱ्याच्या वाट्याला उरेल तेवढी जागा येई. 1968 साली त्यांनी काढलेल्या दुहेरी तबकडीवर तीस रचना आहेत आणि त्यांपैकी हॅरिसन यांच्या चार. 1969 सालच्या 'अॅबी रोड'वर दोनच आहेत, आणि त्या दोन्ही त्या तबकडीच्या सर्वोत्तम रचनांमध्ये गणल्या जातात. या वाटणीत कोणाचा दुष्टपणा होता असे मला म्हणायचे नाही. तबकडीच्या दोन बाजूंना मिळून पाऊण तास असतो आणि घरात तीन कर्ते असले की धाकट्याचे पान शेवटी वाढले जाते. परंतु न वाढलेले अन्न कोठे जाते, हे पाहणे महत्त्वाचे आहे. 1970 साली बँड फुटला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हॅरिसन यांनी 'ऑल थिंग्ज मस्ट पास' ही एक नव्हे, तर तीन तबकड्यांची पेटी बाहेर काढली. तिच्यातील शीर्षकगीताची तालीम जानेवारी 1969 मध्ये बीटल्सबरोबर झाली होती आणि ते बाजूला ठेवले गेले होते. आणखी एक गीत तर 1966 पासून पडून होते. इतकी वर्षे एक माणूस जगातील सर्वांत प्रसिद्ध गटात उभा राहून गिटार वाजवत होता आणि त्याच्याजवळ एवढे साठलेले होते!

संख्येपेक्षाही मला मोलाची वाटते ती त्यांच्या गिटारची वाणी. 1966 साली हॅरिसन भारतात आले आणि पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकले, हे सर्वश्रुत आहे. सतारीत आपण इतक्या उशिरा प्रवीण होणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि काही काळाने ते गिटारकडे परतले. ते परतले, पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची रीत, बरोबर घेऊन परतले, असे मला त्यांचे पुढचे वादन ऐकताना वाटते. बोटात नळी घालून ती तारेवरून सरकवत वाजवण्याची जी रीत आहे, ती त्यांनी 1969 च्या अखेरीस मनावर घेतली. आपल्याकडे विचित्र वीणेच्या तारांवर बट्टा, म्हणजे एक गुळगुळीत गोळा, फिरतो आणि पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तर गिटारच रागसंगीतात आणली, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणाऱ्या त्या नादाची ओळख आपल्या कानांना करून द्यावी लागत नाही. बीटल्सच्या गीतांमध्ये हॅरिसन यांचे वादन नेमके, आटोपशीर आणि गीताच्या मापाचे असते. स्वतंत्र तबकड्यांवर मात्र ती गिटार गायकाच्या गळ्यासारखी शब्द संपल्यावरही रेंगाळते. आज चार स्वरांत ज्यांचा हात ओळखता येतो अशा थोड्या गिटारवादकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते, आणि ती ओळख बहुतांशी बँड सुटल्यानंतरची आहे.

बीटल्सच्या इतर दोघांविषयी थोडक्यात सांगते. मॅकार्टनी यांनी एप्रिल 1970 मध्ये आलेल्या तबकडीचा बराच भाग घरीच ध्वनिमुद्रित केला आणि तिच्यातील सगळी वाद्ये स्वतः वाजवली. लेनन यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात काढलेली तबकडी इतकी उघडीवाघडी आहे की पियानो, बास आणि ड्रम यांच्यामधली मोकळी जागासुद्धा ऐकू येते. दोन्ही ऐकल्यावर बीटल्सच्या जुन्या गीतात कोणता कोपरा कोणी घासून गुळगुळीत केला असेल, हे कळू लागते.

'पोलिस' या तिघांच्या बँडमध्ये स्टिंग बास गिटार वाजवत आणि गात. 1985 साली त्यांनी पहिली स्वतंत्र तबकडी केली तेव्हा ब्रॅन्फर्ड मार्सालिस, केनी कर्कलंड यांच्यासारखे जाझचे तरुण वादक जमवले, बास दुसऱ्याच्या हाती दिला आणि स्वतः साधी गिटार घेतली. ज्या वाद्याने नाव मिळवून दिले ते खाली ठेवण्याची मुभा बँडमध्ये सहसा मिळत नाही. आणि मार्क नॉफ्लर यांच्याविषयी तर मी तासभर बोलू शकेन. त्यांच्या 'डायर स्ट्रेट्स' बँडची 1985 सालची तबकडी जगभर कोट्यवधी प्रतींनी खपली. त्यानंतर मोठाल्या मैदानांत वाजवावे लागे आणि मैदानाला मोठाच आवाज लागतो. 1996 पासून ते स्वतःच्या नावाने गीतांच्या स्वतंत्र तबकड्या काढू लागले. नखीशिवाय, उघड्या बोटांनी तार छेडण्याची त्यांची रीत पहिल्यापासूनची, पण बोटाचे मांस तारेला लागतानाचा तो मऊपणा मला खरा ऐकू आला तो या दुसऱ्या पर्वात. मेसन आणि डिक्सन या दोन अठराव्या शतकातील भूमापकांवर त्यांनी 2000 साली एक गीत केले. सीमारेषा आखणाऱ्या दोन माणसांचा संथ संवाद मैदानातल्या गर्दीपुढे कोण ऐकून घेणार होते?

आता आक्षेपाकडे वळते, कारण तो खोटा नाही. बँडमध्ये 'हे नको' म्हणणारे कोणीतरी असते, स्वतंत्र कामात ते नसते. हॅरिसन यांच्या त्या पेटीतील तिसरी तबकडी म्हणजे मित्रांनी जमून लांबवलेली वादने आहेत आणि मी ती क्वचितच ऐकते. निर्माते फिल स्पेक्टर यांनी गीतांवर चढवलेला घुमारा इतका दाट आहे की 2001 च्या नव्या आवृत्तीच्या वेळी स्वतः हॅरिसन यांनाच तो उतरवावासा वाटत होता. मॅकार्टनी यांच्या घरगुती तबकडीत तर अर्धवट सोडलेले तुकडे आहेत. हे सारे मान्य करूनही माझा कल बदलत नाही. पूर्ण घोटलेल्या वस्तूपेक्षा मला घोटणारा हात ऐकायचा असतो, आणि त्या हाताची खोड, त्याचा हट्ट, त्याची चूक यांसह तो ऐकण्याची माझी तयारी आहे. स्वतंत्र तबकडी बँडशिवाय समजते, असेही माझे म्हणणे नाही. रात्रभर मिरवणूक ऐकली नसती, तर पहाटेचा तो निषाद माझ्या ध्यानातच आला नसता.

साथीच्या जागेवरून उठून मध्यभागी येणे काय असते, हे आपल्या संगीताने पाश्चात्त्य बँडच्या आधीपासून पाहिलेले आहे. सारंगिये पंडित रामनारायण आकाशवाणीवर गायकांची साथ करत. त्या दुय्यम जागेला कंटाळून ते 1949 मध्ये मुंबईला आले. 1954 साली त्यांनी एका संमेलनात स्वतंत्र सारंगी वाजवायला घेतली, तेव्हा मोठ्या नावांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनी त्यांना पुरते वाजवूही दिले नाही. दोन वर्षांनी लहानशा मैफलीत तीच सारंगी ऐकली गेली, आणि पुढे सारंगी जगाच्या रंगमंचांवर एकटी बसू लागली. आपल्या इंदूरचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारातील सारंगिये आणि बीनकार होते, आणि मुलाची पहिली तालीम सारंगीचीच झाली. तो मुलगा गायक झाला, तबलजीकडून झूमरा तालाचा साधा, सरळ ठेका मागू लागला आणि त्या चौदा मात्रांच्या मोकळ्या अंगणात हवा तेवढा वेळ घेऊन एकेक स्वर ठेवू लागला. त्यांच्या बढतीत, म्हणजे रागाच्या संथ विस्तारात, सारंगीचा गज ऐकू येतो, असे मी म्हटले तर ती माझी भावुकता समजू नये. वडिलांनी साथीत जे वाजवायचे राखून ठेवले, ते मुलाने गायले असावे, असे मला खरोखरच वाटते.

शेवटी एका योगायोगाविषयी सांगायचे आहे, ज्याच्यामुळे हे भाषण लिहावेसे वाटले. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची ध्वनिमुद्रिका 1960 साली निघाली आणि रामबागेतील आमच्या घरात ती माझ्या जन्माआधीपासून होती. दिवेलागणीला मारव्याची बाजू लागे. पंचम नाही, मध्यम तीव्र, रिषभ कोमल, आणि षड्ज इतका टाळलेला की घरी परतणारा माणूस दारापर्यंत येऊन पुन्हा रस्त्यावर वळतो आहे असे वाटावे. जॉर्ज हॅरिसन नोव्हेंबर 2001 मध्ये वारले. त्यांची अखेरची तबकडी मुलगा धनी आणि मित्र जेफ लिन यांनी पूर्ण करून पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात शब्द नसलेली, चार मिनिटांहून लहान अशी एक रचना आहे, जिचे नाव 'मारवा ब्लूज' आहे. तिला 2004 मध्ये ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. मारव्याचे शास्त्र तिच्यात शोधू नये. पण बीटल्सच्या तीन-तीन मिनिटांच्या गीतांत ज्याला दोन ओळींमधली फट भरायला मिळे, तो वादक इथे एकेका स्वरापाशी हवा तेवढा थांबतो, नळी किंचित मागे घेतो आणि पुन्हा त्याच स्वराला वेगळ्या बाजूने येऊन भिडतो. अलीकडे मी त्याच घरात, त्याच वेळी, आधी खाँसाहेबांचा विलंबित झूमरा ऐकते आणि तो संपला की ही गिटार लावते. दोहोंच्या मध्ये क्षणभर काही वाजत नाही. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात, आणि मग तारेवरून ती नळी पहिल्यांदा सरकते.