वीतभर खाली आलेला हात

(दृश्य: बॉक्सिंगच्या सरावाची रिंग. कॅनव्हासवर बुटांच्या दोन जोड्या.)

हिच्या पायांकडे बघा. राऊंड अर्धा होत आला, तरी हिने एकही ठोसा मारलेला नाही. बघणाऱ्याला वाटेल, पोरगी घाबरली. ती घाबरलेली नाही. सरांचा डावा हात वाचतेय.

सर जॅब टाकतात, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. हात जातो, परत येतो. कधी सरळ हनुवटीशी येतो, कधी येता येता वीतभर खाली लोंबतो. सरळ आला, तर हिने काही करायचं नाही. खाली आला, तर तो जॅब नुसता बघून ठेवायचा. पुढच्या जॅबवर ठोसा हिचा.

"घाई नको," सर म्हणतात. "येऊ दे जॅबला."

(दृश्य: तोच क्षण, संथ गतीत.)

जॅब निघाला. हिचं डोकं जरासं डावीकडे झुकलं. ग्लव्ह उजव्या खांद्यावरून, कानाला वारा घालत गेला. तोवर मागच्या पायाची टाच फिरली आहे, टाचेमागून कंबर, कंबरेमागून खांदा. आणि उजवा हात सरांच्या पसरलेल्या हातावरून पलीकडे, थेट हनुवटीसमोरच्या पॅडवर.

हा क्रॉस काउंटर. जॅब मारणारा स्वतःच्या वजनानिशी पुढे येत असतो, त्यामुळे ठोसा दुप्पट लागल्यासारखा लागतो. शिवाय जो हात मारायला गेलाय, तो त्या क्षणी हनुवटी राखायला नसतो.

अशा बॉक्सरला लोक पळपुटा म्हणतात, सावध खेळला की ओरडतात. मला ते मुळीच पटत नाही. ठोशाच्या टप्प्यात उभं राहून वाट बघायला छाती लागते.

(दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. खचाखच भरलेलं स्टेडियम.)

न्यू यॉर्क, यँकी स्टेडियम, १९ जून १९३६. बावीस वर्षांचा जो लुई, व्यावसायिक रिंगमध्ये तोवर अजिंक्य. समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग, वय तीस, माजी जगज्जेता. श्मेलिंग जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. पण त्याने लुईच्या लढती बारकाईने पाहिल्या होत्या, आणि त्याला एक गोष्ट सापडली होती. जॅब मारून झाला की लुईचा डावा हात खाली येतो.

चित्रफीत इथे थांबवू या. लुईचा डावा हात बघा. हनुवटी उघडी आहे. आता श्मेलिंगचा उजवा बघा, तो निघालेला आहे.

हे फुकट मिळालं नाही. तो एक उजवा बसावा म्हणून श्मेलिंगने जॅबमागून जॅब तोंडावर घेतले, डोळा सुजवून घेतला. चौथ्या फेरीत लुई खाली बसला. उठला, लढत राहिला, आणि डावा हात तसाच खाली येत राहिला. बाराव्या फेरीत नॉकआऊट.

(दृश्य: लुई कॅनव्हासवर. निवेदन नाही.)

दोन वर्षांनी, याच मैदानात, लुईने पहिल्याच फेरीत हिशेब चुकता केला.

(दृश्य: पुन्हा सरावाची रिंग.)

सरांनी आता खोड बदललीय. हात दोनदा मुद्दाम खाली सोडतात, तिसऱ्यांदा सोडत नाहीत. ती फसते, उजवा हवेत जातो, सरांचा पॅड कपाळावर टेकतो. ती हसत नाही. एक पाऊल मागे येते, गार्ड वर घेते.

पुन्हा जॅब. हात खाली.

ती अजून थांबलीय.