पासबुकातली 436 रुपयांची ओळ

[दृश्य : तालुक्याच्या गावातली बँक. पासबुक छापायच्या यंत्रापुढे रांग.]

मे महिना संपत आलाय. बी-बियाण्यासाठी पैसे काढायला आलेली माणसं जाता जाता पासबुक छापून घेतायत. 'नावे' रकान्यात दोन नव्या ओळी उमटतात. एक 436 रुपयांची, एक 20 रुपयांची. बाजूला रोमन लिपीतली तुटक अक्षरं.

"बँकेनं पैसे कापले," म्हणत कुणी पासबुक पिशवीत टाकतं. त्या ओळी नीट वाचायला हव्यात, कारण त्या दंडाच्या नाहीत, विम्याच्या आहेत.

436 रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता, 20 रुपये म्हणजे सुरक्षा विमा योजनेचा. दोन्ही योजना 2015 साली सुरू झाल्या. हप्ते आधी 330 आणि 12 रुपये होते, जून 2022 पासून वाढले. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे, म्हणून कपात मेअखेरीस होते. पहिल्या योजनेत खातेदाराचा मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी वारसाला 2 लाख रुपये मिळतात, दुसरीत अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख.

पण हे घरात कुणाला ठाऊकच नसेल, तर माणूस गेल्यावर दावा करणार कोण? हप्ता वर्षानुवर्षं जात राहतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. या ओळीची माहिती घरात बायकोला, मुलांना असलीच पाहिजे.

दोन बँकांत खाती असतील तर दोन्हीकडची पासबुकं तपासा. हप्ते दोनदा गेले तरी त्या योजनेत भरपाई एकदाच, 2 लाखांपुरती मिळते. नको असलेला हप्ता बंद करायला शाखेत लेखी अर्ज पुरतो.

[दृश्य : पासबुकाचं पान. आकड्यांवर बोट फिरतंय.]

बाकीच्या कपाती ओळखायला एक हिशेब उपयोगी पडतो. बँकेच्या सेवाशुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणून आलेल्या आकड्याला 1.18 नं भागून बघा. 236 चे निघतात 200 : बहुधा डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क. 27 रुपये 14 पैशांचे निघतात 23 : एटीएमचे मोफत व्यवहार संपल्यावरचं शुल्क. 295 चे 250 : खात्यात शिल्लक नसल्यानं कर्जाचा हप्ता परत गेला. हे शेवटचं सगळ्यात जाचक. बँक कापते ते वेगळं आणि कर्ज देणारी कंपनी लावते तो दंड वेगळा. हप्त्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी शिल्लक बघितली तर दोन्ही वाचतात.

किमान शिल्लक नसल्याचा दंडही मनमानी लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी खातेदाराला कळवून महिनाभराची मुदत द्यावी लागते. दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात हवा, आणि निव्वळ त्या दंडापायी शिल्लक उणे होता कामा नये. जनधन खात्याला तर किमान शिल्लकेची अटच नाही.

शिवाय, शुल्क कापलं की ते कसलं आणि का, हे पासबुकात थोडक्यात लिहावं, असं रिझर्व्ह बँकेनं जून 2017 मध्येच बँकांना सांगितलंय. तेव्हा खिडकीवर विचारताना संकोचू नका. उत्तर देणं हे बँकेचं काम आहे.

[दृश्य : मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश.]

पण एखादा व्यवहार खरोखरच आपला नसेल, तर शाखा उघडायची वाट बघू नका. लगेच बँकेच्या हेल्पलाइनला कळवा, कार्ड बंद करा, 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, मध्येच तिसरीकडे झाली असेल आणि संदेश आल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी स्वतःच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. अशा वेळी तास-दोन तासही मोलाचे असतात.

[दृश्य : अर्जावर शिक्का उमटतो.]

चुकीच्या कपातीची तक्रार लेखीच द्या. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. सोबत ती पोच मात्र जोडा.