प्रॉम्सला टाळी कधी वाजवायची? (आणि तिकिटाचंही सांगते)

नमस्कार मंडळी. खिडकी लावून घेतली आहे, पंखा बंद केलाय, त्यामुळे पाच मिनिटांत माझा चेहरा चकाकायला लागेल. तो मेकअप नाही, घाम आहे. खालून बस गेली तर ऐकू येईल, सांभाळून घ्या.

लंडनला सलग चार दिवस ऊन पडलं की माझ्या कमेंट्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो. "ताई, ते आठ पाउंडवालं तिकीट कसं काढायचं?" गेल्या वर्षी मी पुण्याहून आलेल्या मैत्रिणीला घेऊन प्रॉम्सला गेले होते, त्याचा तीस सेकंदांचा तुकडा टाकला होता. त्यात ती जमिनीवर मांडी घालून बसलीये आणि मांडीवर ताल धरलाय. तेव्हापासून हे चाललंय. तर आज सगळं सांगते. तिकिटाचं पटकन सांगते, कारण त्यात काही नाही. गोची वेगळीच आहे.

प्रॉम्स म्हणजे बीबीसीचा उन्हाळी संगीत महोत्सव. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आठेक आठवडे, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळजवळ रोज संध्याकाळी कार्यक्रम. खुर्चीची तिकिटं आधी विकतात, ती महाग. उभ्याची तिकिटं त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन सुटतात, गेली काही वर्षं आठ पाउंडांच्या आसपास. किती वाजता सुटतात ते त्या वर्षीचं साइटवर बघून घ्या. लॉगिन आदल्या रात्री करून ठेवा, कार्ड हाताशी ठेवा. झालं. साउथ केन्सिंग्टनला उतरा, भुयारी रस्त्याने म्युझियमपर्यंत या, मग नाकासमोर वर चालत राहा. गोल, लालसर, डोक्यावर घुमट. चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही.

"स्टँडिंग म्हणजे बसायला मिळतच नाही का?" दोन जागा आहेत. अरीना म्हणजे खाली, ऑर्केस्ट्राच्या पुढ्यात, तिथे खरंच उभं राहायचं. आणि गॅलरी म्हणजे पार वर, घुमटाखाली. तिथे लोक कठड्याला टेकतात, जमिनीवर बसतात, काही तर चटई पसरून चक्क आडवे होतात. माझ्या मैत्रिणीचे गुडघे बोलतात, म्हणून आम्ही गॅलरी घेतली. गुडघे बोलत असतील तर तिथवरचे जिनेही बोलतील, हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं. ते तिने मला वर पोचल्यावर सांगितलं.

कपड्यांबद्दल कृपया विचारू नका. "कोल्हापुरी चालेल का?" चालेल हो! चप्पल चालेल, हाफ पँट चालेल, साडी चालेल. मागे एकांनी लिहिलं की तिथे सूट लागतो, मी लोकांची दिशाभूल करते. काका, मला इथे येऊन अकरा वर्षं झाली, माझ्या शेजारी सायकलचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला माणूस होता. हा महोत्सव सुटाबुटातल्यांसाठी काढलेलाच नाही.

१८९५ साली, १० ऑगस्टला, हा सुरू झाला. तेव्हा क्वीन्स हॉल म्हणून सभागृह होतं, त्याचा व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन. त्याचं म्हणणं असं, की लोकांना आधी सोपं ऐकवू, मग हळूहळू चढवत नेऊ. कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून काठीने ऑर्केस्ट्रा चालवणारा, घेतला हेन्री वुड, वय वर्षं २६. उभ्याचं तिकीट एक शिलिंग. प्रॉम म्हणजे प्रॉमनाड, फिरत फिरत ऐका. खा, प्या, सिगारेटही ओढा. विनंती एवढीच की गाणं चालू असताना काडी पेटवू नका. म्हणजे धुराला हरकत नव्हती, काडीच्या आवाजाला होती! १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला आणि महोत्सव अल्बर्ट हॉलला आला. त्या ढिगाऱ्यातून हेन्री वुडचा अर्धपुतळा सापडला. तो दर उन्हाळ्यात ऑर्गनपुढे आणून ठेवतात आणि शेवटच्या रात्री त्याला हार घालतात. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे पुण्यतिथीच की." पुण्याचा सवाई महोत्सव भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, तिची आई पहिल्यापासून जायची आणि ही आईचं बोट धरून. त्यामुळे फोटोला हार आणि पुढ्यात गाणं, हे तिला अगदी घरचं वाटलं.

घरचं वाटलं म्हणूनच घोटाळा झाला.

दिवसभर आम्ही समोरच्या बागेत होतो. हॉलच्या समोरच केन्सिंग्टन गार्डन्स, तिथे सोन्याने मढवलेला अल्बर्ट बसलाय. त्याच्या पायऱ्यांच्या पलीकडे गवतावर चादर टाकली. ती डबा घेऊन आली होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि दही स्टीलच्या डब्यात, वर चमचा. मी म्हटलं, इथे सँडविच मिळतं गं. ती म्हणाली, मिळू दे. दही संपलं, चमचा रिकाम्या डब्यात गेला, डबा पिशवीत. हा चमचा लक्षात ठेवा. आणि मोठी बॅग आणू नका, दारात तपासतात.

त्या रात्री उत्तरार्धात चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराची सहावी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना. १८९३ ची. त्याने स्वतः पीटर्सबर्गला ती पहिल्यांदा वाजवून घेतली आणि नऊ दिवसांनी वारला. चार भाग आहेत, त्यांना मूव्हमेंट म्हणतात. पहिल्या भागात एक जागा येते, वाद्यं एकेक करून मागे सरतात, आवाज उतरतो, उतरतो, उतरतो. नोटेशनमध्ये हळू वाजवण्यासाठी पी लिहितात, तिथे एकापुढे एक सहा पी आहेत. पाच हजार माणसं श्वास धरून. माझी मैत्रीण पुढे वाकून, डोळे मिटून. आणि एकदम सगळा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो, धाडकन! ती दचकली, पाय पिशवीला लागला. डबा आडवा, चमचा आत खुळखुळ, खुळखुळ. नशीब त्या गदारोळात. दोन सेकंद आधी असता तर आज हा व्हिडिओ नसता.

दुसरा भाग सुरू झाला आणि थोड्याच वेळात तिने माझा दंड धरला. मला वाटलं गुडघा. ती कानात म्हणाली, "अगं, हा झपताल चाललाय." मी ऐकायला लागले. दोन-तीन, दोन-तीन. पाच-पाच मात्रांचं वॉल्ट्झसारखं झुलतं काहीतरी, आणि ही मांडीवर बोटांनी धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. बरोब्बर बसत होतं! मी इतकी वर्षं हे ऐकतेय, पाच मात्रा आहेत हे वाचलंही होतं, पण झपताल म्हणून कधी ऐकलं नव्हतं. शॉर्टमध्ये तुम्ही पाहिलंत ते आदल्या कार्यक्रमातलं आहे. हे वाजत असताना फोन काढायची माझी हिंमत नाही आणि तुम्हीही काढू नका.

आता मुद्दा. तिसरा भाग म्हणजे एक घोडदौड आहे. वाढत जातो, वाढत जातो, ढोल, झांजा, आणि शेवटी चार ठोके असे काही देतो की संपलंच. तिहाई घेऊन समेवर आला. मैत्रिणीने दोन्ही हात वर केले आणि खणखणीत आवाजात "क्या बात है!" आणि टाळ्या. एकटीच नव्हती, खाली अरीनातही बऱ्याच जणांनी वाजवल्या. आणि तेवढ्याच जणांनी "शूऽऽ" केलं. कारण संपलेलं नव्हतं. चौथा भाग राहिला होता, आणि तो सगळा विलाप आहे.

ती इतकी ओशाळली की पुढची दहा मिनिटं हात पदराखाली धरून बसली.

म्हणून मी सांगत असते. तिकीट सोपं आहे, टाळी अवघड आहे. मागच्या व्हिडिओतही सांगितलं होतं, आणि खाली कमेंट आली, "सोप्पं आहे, बाकीचे वाजवतील तेव्हा वाजवायची." अहो, बाकीचेच तर चुकले होते त्या दिवशी!

पहिला उपाय: मोजा. किती भाग आहेत ते बीबीसीच्या साइटवर किंवा कार्यक्रमपत्रिकेत असतं. चार असतील तर चौथ्यानंतर टाळी. पण यात एक खाच आहे. कधी कधी भाग एकमेकांना जोडलेले असतात, मध्ये थांबतच नाहीत. मेंडेल्सनचा व्हायोलिन कन्चर्टो घ्या, म्हणजे एक व्हायोलिन आणि बरोबर ऑर्केस्ट्रा. पहिला भाग संपतो आणि एक बासून, म्हणजे लांबलचक फुंकवाद्य, तोच सूर धरून दुसऱ्यात घेऊन जातो. तुम्ही थांबायची वाट बघत बसता आणि मोजणी चुकते. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत तिसरा आणि चौथा असेच जोडलेले. सिबेलियसच्या सातवीत तर एकच भाग. तिथे काय मोजणार?

म्हणून दुसरं: हात बघा. माणसं बघू नका, कंडक्टरचे हात बघा. काठी वर असेल, खांदे ताठ असतील, तर अजून काम चालू आहे, आवाज थांबला असला तरी. हात खाली आले, मान सैल झाली, तो वळला की संपलं. म्हणजे आपल्याकडे गवई सम आल्यावर तंबोऱ्याकडे नजर टाकतो की समोर बघून हात जोडतो, तेच. मैत्रिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग असं सांग ना, मोजत काय बसवतेस?" बरोबर आहे तिचं. पण वरच्या गॅलरीतून माझ्या चष्म्याच्या नंबरला काठी दिसत नाही, म्हणून मोजते.

तिसरं, शेवट हळू असेल तर पाच मोजून मग टाळी. ही सहावी सिंफनी शेवटी खालच्या तारांमध्ये, चेलो आणि डबल बासमध्ये, विरत जाते. नेमकं कधी थांबली कळत नाही. त्या दिवशी आवाज थांबल्यावरही कंडक्टरने हात खाली घेतले नाहीत. मी मनात मोजलं, अकरापर्यंत गेले. त्या अकरा आकड्यांत काय होतं ते मी शब्दांत सांगणार नाही. आणि मग पलीकडून कोणीतरी "ब्राव्हो" म्हणून ओरडलं, कारण त्याला आपण जाणकार आहोत हे सगळ्यांना कळवायचं होतं. या माणसांचा मला मनापासून राग आहे. तिसऱ्या भागानंतर टाळी वाजवणाऱ्यावर माझा राग नाही, ऐका, अजिबात नाही! तो आनंदाने वाजवतो. हा मात्र सगळ्यांची शांतता घेऊन स्वतःच्या खिशात घालतो.

आणि "शूऽऽ" करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. १७७८ साली मोझार्टने पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय. म्हणतो, पहिल्या भागात मी एक जागा अशी घातली होती की ती लोकांना आवडणारच, आणि तिथे मधेच टाळ्या पडल्या. रागावला नाही, खूश आहे! कार्यक्रम झाल्यावर आइस्क्रीम खाल्लं आणि नवस बोलला होता म्हणून जपमाळ ओढली. बेथोव्हनच्या सातवीचा दुसरा भाग १८१३ मध्ये लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला, वन्स मोअर! गप्प बसून ऐकायची ही शिस्त नंतरची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घट्ट होत गेलेली. असं सांगतात की वाग्नरने स्वतःच्याच 'पार्सिफाल' या ऑपेराला मध्येच "ब्राव्हो" केलं, तर प्रेक्षकांनी त्यालाच गप्प केलं.

आणि प्रॉम्सवाले काही मुके नसतात. पियानोचं झाकण उचलताना अरीनावाले एका सुरात "हीव्ह" ओरडतात, गॅलरीवाले "हो" म्हणतात. आपलं होकाराचं "हो" नव्हे, ओझं उचलतानाची इंग्रजी आरोळी. पियानोवर ट्यूनिंगचा सूर दिला की त्या एका सुराला टाळ्या! मैत्रीण म्हणाली, "तंबोरा जुळला की टाळ्या वाजवतात आणि गाणं रंगलं की शूऽऽ करतात, कसले लोक आहेत." मला उत्तर सुचलं नाही.

"आपलं संगीत असतं का तिथे?" असतं, अधूनमधून. २००९ मध्ये एक दिवसच भारतीय गायनाला दिला होता, पंडित राजन-साजन मिश्र गायले होते. कार्यक्रमांची यादी वसंतात येते, ती चाळत जा.

"इतक्या लांब जाऊन हे ऐकण्यापेक्षा सवाईला या." येते हो, तिकीट तुम्ही काढा.

लास्ट नाइटबद्दल विचारू नका, ते झेंडे, शिट्ट्या, भोंगे असं वेगळंच प्रकरण आहे, आणि त्या तिकिटाचे नियमही वेगळे. पहिल्यांदा जाताय तर ऑगस्टमधला एखादा मधला वार धरा.

परत येताना आम्ही नऊ नंबरच्या बसमध्ये वर पुढे बसलो. ती बराच वेळ गप्प होती. हाइड पार्क कॉर्नरला म्हणाली, "त्या तिसऱ्यानंतर मी चुकले, मान्य. पण तूच सांग, तिथे हात नाही उचलला तर मग कुठे उचलायचा?" आणि पिशवीतून डबा काढून चमचा रुमालात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिकीट काढायचं होतं.