बुजगावणं

[पहाट. मंगळवेढ्याचं काळं रान, ज्वारीच्या वर डोकावणारं मडकं]

बैलगाडीच्या वाटेवर प्लास्टिकचा कागद फडफडला, की बैल जू ओढत बाजूला सरतो. गाडीवान म्हणतो, "बुजला." वाघ दिसला तर जनावर भितं. अनोळखी काही दिसलं, की बुजतं. परक्या माणसाला पाहून आईच्या पदराआड जाणारं पोर बुजरं, तेही यातलंच.

बुजणे, त्याचं प्रयोजक बुजवणे, आणि त्याच घरातलं बुजगावणे. शेवटचं 'णे' लाटणं, उलथणं यांच्यासारखं, हत्याराचं. खड्डा बुजवणे मात्र वेगळं, नुसता कानाला सारखा लागणारा शब्द.

[बांबू रोवणारे हात, जवळून]

मालदांडी ज्वारी डोक्याच्या वर जाते. म्हणून बांबू 10 फुटी, त्यातला 2 फूट जमिनीत. ही जमीन सुकली की भेगाळते आणि बांबू कलतो, तेव्हा बुडाशी दगड ठोकून ओली माती दाबायची. आडवा बांबू 4 फुटी, खांद्याच्या उंचीवर, सुतळीचे वेढे फुलीसारखे. सरळ वेढे वाऱ्यानं सरकतात. वर पालथं मडकं, चुन्याचे डोळे.

[वाऱ्यात हलणारी बाही]

पेंढा फक्त छातीत भरायचा. बाह्या मोकळ्या सोडायच्या, कारण पाखरू बुजतं ते हलण्याला. बाही गच्च भरली, की सगळं निश्चल होतं आणि साळुंकी सरळ मडक्यावर येऊन बसते. चुन्याचे डोळे बघणाऱ्याच्या समाधानापुरते.

दाण्यात चीक भरू लागला, की उभं करायचं. महिनाभर आधी केलं तर पाखरं सरावतात, आणि सरावलेलं पाखरू बुजत नाही. शब्दानं हे आधीच सांगून ठेवलंय. म्हणून 'घाबरवणारा पुतळा' हा अर्थ मला अपुरा वाटतो. नवखेपण संपलं, की पुतळा तोच राहतो, बुजगावणं उरत नाही.

अधिकार नसलेल्या पुढाऱ्याला हल्ली हेच नाव देतात.

[पोपटांचा थवा, अर्धं सोललेलं कणीस]

सकाळ-संध्याकाळ थवे उतरतात. राखणदार माळ्यावर चढतो, गोफण फिरवतो. दोन-तीन दिवसांनी बुजगावण्याचा सदरा बदलतो, बांबू उपटतो आणि वीस पावलं पलीकडे, वाऱ्याच्या तोंडाला, पुन्हा रोवतो.